‘लोक’ हे उपपद आणि महत्तेचा प्रश्न

एप्रिल महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत भीमजयंतीच्या निमित्ताने गायनाचे कार्यक्रम सुरू होतात आणि पुढे कित्येक आठवडे गावोगाव चालू राहतात. या कार्यक्रमांच्या मंचावर वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचे नाव ‘महाकवी’ या पदवीसह उच्चारले जाते. त्याच जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मराठीच्या वर्गात हे नाव आलेच, तर ते ‘लोककवी’ किंवा ‘लोकशाहीर’ म्हणून येते. माणूस एकच आणि गीतेही तीच. फरक आहे तो उपपदाचा. एक उपपद त्यांना श्रेष्ठ सर्जनशील कलावंतांच्या पंक्तीत बसवते. दुसरे त्यांना पंक्तीबाहेर, पण सन्मानाने, वेगळे पान मांडून देते. या वेगळ्या पानात न्याय किती आणि अन्याय किती, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

‘लोक’ हा शब्द मराठीत दोन वजनांनी वापरला जातो. ‘लोकमान्य’ या पदवीत तो माणसाला वर उचलतो. ‘लोककवी’ किंवा ‘लोककला’ या शब्दांत तो, बोलणाऱ्याच्या मनात तसे असो वा नसो, एक पायरी खाली उतरवतो. पहिल्या ठिकाणी लोक हे मान्यता देणारे असतात, तर दुसऱ्या ठिकाणी ती कवीची मर्यादा होऊन बसते. टिळकांना मान्यता देणारे लोक प्रमाण आणि वामनदादांना ती देणारे लोक अप्रमाण, असा काही तर्क यामागे असलाच तर तो कोणी उघडपणे मांडलेला नाही.

प्रश्न केवळ मराठवाड्याचा नाही. २०१६ साली स्वीडिश अकादमीने बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक दिले, तेव्हा जगभर हाच वाद झाला. गीत कागदावर उतरवले की ते पांगळे होते, तेव्हा गीतकाराला कवीच्या मापाने मोजणे दोघांवरही अन्याय करणारे आहे, असा एका बाजूचा युक्तिवाद होता. काव्य मुळात गायिलेच जात होते, असे दुसरी बाजू म्हणत होती. भारतीय वाचकाला या वादात १९१३ सालची आठवण होणे अपरिहार्य होते. दोन हजारांहून अधिक गीतांना शब्द देणाऱ्या आणि त्यांतील बहुतेकांना स्वरही देणाऱ्या रवींद्रनाथांना पारितोषिक मिळाले ते प्रामुख्याने इंग्रजी गद्यरूपातील ‘गीतांजली’मुळे. गीतातले गाणे वगळून उरलेल्या भागाचा तो गौरव होता. डिलन यांच्या बाबतीत निदान तो भाग वगळला गेला नाही.

परंतु नांदेडसारख्या शहराला हा वाद बाहेरून उसना आणण्याचे कारण नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी याच ठिकाणी ग्रंथाला गुरुपद दिले, अशी शीख परंपरेची श्रद्धा आहे. ज्या ग्रंथाला हे सर्वोच्च स्थान मिळाले त्याची रचना बव्हंशी रागवार आहे. तो गाण्यासाठी आहे, आणि त्यात नामदेवांच्या नावाची एकसष्ट पदे आहेत. नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मस्थान नरसी तेथून फार दूर नाही. या परंपरेत कोणी पदकर्त्याला ‘लोक’ हे उपपद लावून बाजूला बसवले नाही. गीत हे लहान आणि ग्रंथ मोठा ही विभागणी तेथे संभवतच नव्हती, कारण ग्रंथ गीतांचाच होता. तेव्हा गीताचे दुय्यमत्व सनातन नाही. मराठीत ते मुख्यतः मुद्रणाबरोबर आणि विद्यापीठीय अभ्यासक्रमांबरोबर दृढ झाले, असे म्हणावयास जागा आहे.

वर्गीकरण म्हणूनही ‘लोक’ हे उपपद येथे अचूक नाही. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी भारतीय संगीताचा विचार आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम अशा कोटींतून केला. त्या कोटींत भीमगीत कोठे ठेवावे? ते ठरावीक प्रसंगी समूहात गायिले जाते म्हणून लोकसंगीताशी त्याचे नाते आहे. त्यातील बुद्धवंदनेचा आणि भक्तीचा अंश त्याला धर्मसंगीताकडे नेतो. चित्रपटगीतांच्या चाली, ध्वनिमुद्रिका आणि पुढे कॅसेट यांवर झालेला त्याचा प्रसार जनसंगीताचा आहे. शिवाय लोकगीताला कर्ता नसतो, किंवा असला तरी तो विसरला गेलेला असतो. वामनदादांच्या गीतात शेवटच्या कडव्यात बहुधा ‘वामन’ ही मुद्रा येते, आणि त्यांच्या एका संग्रहाचे नावच ‘हे गीत वामनाचे’ असे आहे. ज्याने कर्तृत्वाचा हक्क इतक्या स्पष्टपणे नोंदवला, त्याला अनामिकांच्या कोटीत ढकलणे हे निदान शास्त्रशुद्ध तरी नाही.

आता या गीतांवरील आक्षेपांकडे वळावे. पहिला आक्षेप चालींचा. भीमगीते पुष्कळदा तयार चालींवर, त्यातही चित्रपटातील लोकप्रिय चालींवर बांधली जातात. मग त्यांत नवनिर्मिती कोणती? या आक्षेपाचे उत्तर देण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त (१८८०) लावणी, साकी, दिंडी आणि कानडी पदे यांच्या चाली होत्या आणि त्यामुळे त्या नाटकाचे ऐतिहासिक स्थान कोणी कमी लेखले नाही. डिलन यांच्या ‘ब्लोइन इन द विंड’ची चाल गुलामांच्या लिलावाविरुद्धच्या एका जुन्या निग्रो गीतावर आधारलेली होती आणि ते त्यांनी स्वतः मान्य केले होते. चाल उसनी घेणे हा दोष असेल तर तो स्टॉकहोमला आणि बिलोलीला एकाच मापाने लागला पाहिजे. व्यवहारात तसे घडत नाही. एकाची उसनवारी ‘परंपरेशी संवाद’ ठरते, दुसऱ्याची ‘नक्कल’.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो बाजूला सारणे बरोबर होणार नाही. थिओडोर अडोर्नो यांनी १९४१ साली लोकप्रिय संगीतावर लिहिताना असे प्रतिपादले की, अशा संगीतात घटक आणि पूर्ण यांचा संबंध सेंद्रिय नसतो. तपशील बदलता येतात, एकाच्या जागी दुसरा बसवता येतो आणि साचा तसाच राहतो. जयंतीच्या काळात गायिल्या जाणाऱ्या शेकडो गीतांना ही टीका तंतोतंत लागू पडते. कडव्यांचा क्रम उलटला तरी काही बिघडत नाही. विशेषणे तीच, प्रतिमा त्याच, यमकेही ठरलेली. वामनदादांनी सहा दशके लिहिले आणि जे लिहिले ते मागणीप्रमाणे, प्रवासात, दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमासाठीही लिहिले. त्यातील सगळेच सारख्या तोलाचे आहे असे म्हणणारा त्यांचा मित्र नव्हे. मात्र साचेबंदपणाचा आरोप करणाऱ्याने संग्रहातील अशा रचनांपाशी थांबू नये.

उद्योगपतींची नावे घेऊन, या देशाच्या धनात आमचा हिस्सा कोठे आहे असा जाब विचारणारे त्यांचे एक गीत सर्वश्रुत आहे. त्या गीताची करामत यमकात आहे. ‘टाटा’ आणि ‘बाटा’ ही नावे ‘वाटा’ या शब्दाशी जुळतात, आणि ती जुळताच गीताचा सगळा युक्तिवाद उभा राहतो. आडनावाचा ध्वनी आणि हिश्शाचा ध्वनी एक, पण आडनाव असलेला आणि हिस्सा नसलेला यांच्यामधले अंतर अफाट. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वाची अंगे सांगितली. या ठिकाणी नादाचा संवाद आणि अर्थाचा विरोध एकाच शब्दात एकमेकांवर आदळतात. हे यमक काढून तेथे दुसरे बसवता येत नाही. म्हणजे अडोर्नोंच्या कसोटीवरही हे गीत उतरते. अक्षरओळख मोठेपणी झालेल्या, मुंबईच्या गिरणीत राबलेल्या माणसाने हे केले याचे कौतुक वेगळे. ते चरित्राचे कौतुक आहे, आणि चरित्राला गुण देऊन गीताची प्रतवारी वाढवण्याचे येथे कारणच पडत नाही.

कांटने १७९० मध्ये प्रतिभेसंबंधी लिहिताना असे सुचवले की, अपूर्वता ही केवळ वेगळेपणात नसते, कारण निरर्थक गोष्टही वेगळी असू शकते. जिच्यापासून इतरांना नियम मिळतो, आदर्श मिळतो, ती खरी अपूर्वता. हे माप वामनदादांना लावले तर उत्तर बरेच स्पष्ट होते. त्यांच्यापूर्वी आंबेडकरी जलसा होता आणि जलशाच्या मागे तमाशाचा गण-गवळण-वग हा घाट होता. त्या घाटातून सुटे, एकट्याने उभे राहणारे, वाद घालणारे गीत घडवण्यात अनेकांचा हात असला, तरी पुढच्या पिढ्यांनी जे गिरवले ते प्रामुख्याने वामनदादांचे वळण. देगलूरकडचा किंवा उदगीरकडचा कोणी तरुण आज गीत रचतो तेव्हा शेवटच्या कडव्यात आपले नाव कसे गुंफावे हे तो बहुधा तेथूनच शिकलेला असतो.

येथपर्यंतचा विचार गीतकाराला केंद्रस्थानी ठेवून झाला. वास्तविक या कलेची खरी अडचण तेथेच आहे. गीत कोणाचे? रचणाऱ्याचे, की प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांच्यासारख्या ज्यांच्या आवाजामुळे अशी गीते घरोघर गेली त्यांचे? ढोलकीवाल्याने घेतलेली उठावणी आणि साथीदारांनी उचललेले ध्रुवपद यांचा वाटा कोणाच्या नावावर मांडावयाचा? ‘श्रेष्ठ सर्जनशील कलावंत’ ही कल्पनाच एकट्या, लिहिणाऱ्या माणसाच्या चित्रावर बेतलेली आहे, आणि म्हणून ती गायकाला ‘सादरकर्ता’ म्हणून मोकळी होते. नांदेडच्या वाचकाला येथे नरहर कुरुंदकरांची (१९३२–१९८२) आठवण व्हावी. पीपल्स कॉलेजच्या या प्राचार्यांनी भरताच्या नाट्यशास्त्राचा जो अभ्यास केला, त्यामुळे रसविचार हा मुळात ग्रंथवाचनाचा नसून प्रयोगाचा विचार आहे, ही जाणीव या भागातील समीक्षेला परकी राहिलेली नाही.

नाट्यशास्त्रातील सिद्धीविषयक अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखावे याची तेथे चर्चा आहे. प्रेक्षकांचे हसणे, वाहवा, रोमांच, उठून उभे राहणे, वस्त्रे आणि अंगठ्या देणे ही मानुषी सिद्धीची लक्षणे. भरगच्च सभेत कसलाच गलबला न होणे ही दैवी सिद्धी. ज्यांनी लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत लावणी पाहिली आहे किंवा जयंतीच्या मंचावर ध्रुवपदागणिक येणारे बक्षीस पाहिले आहे, त्यांना पहिल्या सिद्धीची ओळख करून द्यावी लागत नाही. दुसरी सिद्धी विरळा. मुद्दा असा की, लोकप्रियता हीच कसोटी नव्हे हे भरताच्या परंपरेलाही ठाऊक आहे. लोकांची दाद ती नाकारत नाही, पण त्या दादेतही प्रत लावते.

याच अध्यायात परीक्षकांची जी यादी येते ती आजच्या वादावर अधिक प्रकाश टाकते. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक असे दहा प्राश्निक तेथे सांगितले आहेत. प्रत्येकाने आपल्याला माहीत असलेल्या अंगाचा निवाडा द्यावयाचा. शृंगाराच्या निवाड्यात गणिकेचे मत प्रमाण आणि वैयाकरणाचे शब्दापुरते. आज महत्तेचा निवाडा जवळजवळ सर्वस्वी वैयाकरणाच्या वंशजांकडे आहे. म्हणून लावणीचा कर्ता म्हणून रामजोशी आणि पठ्ठे बापूराव यांची नावे इतिहासात येतात. म. वा. धोंडांच्या ‘मऱ्हाटी लावणी’सारख्या ग्रंथाने तिला काव्यविचारात प्रतिष्ठाही दिली. परंतु विठाबाई नारायणगावकरांनी (१९३५–२००२) एका ओळीचा दहा प्रकारांनी अर्थ उलगडला तर तो अर्थ कोणाच्या खात्यावर जमा व्हावा, याचे उत्तर आपल्या समीक्षेकडे नाही. पुरुषाने स्त्रीच्या तोंडी घातलेले शब्द स्त्री म्हणते तेव्हा ती त्यांत काय मिसळते, कुठे ते शब्द उलटवते, हे सांगू शकणारी प्राश्निक त्या यादीत होती. आपल्या यादीत नाही.

नैतिक प्रश्न येथून पुढे सुरू होतो. अशा कलेची प्रतवारी लावावीच कशाला, असे उदार मनाचे अनेक अभ्यासक म्हणतात. तिचे सामाजिक कार्य मोठे, ते पाहावे आणि ‘श्रेष्ठ’, ‘कनिष्ठ’ ही भाषा सोडून द्यावी. हे औदार्य संशयास्पद आहे. चार्ल्स टेलर यांनी १९९२ च्या आपल्या निबंधात दाखवले आहे की, परीक्षणाशिवाय बहाल केलेली समान योग्यता हा सन्मान नसून वरून खाली दिलेली सवलत असते. केशवसुत आणि मर्ढेकर यांच्यात तर-तम करावयाचे आणि वामनदादांपाशी आले की ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून थांबावयाचे, यात दस्तऐवजाचा गौरव आहे, कवीचा नाही.

याउलट दिशेनेही अडचण आहे आणि मराठवाड्यात ती अधिक तीव्र आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली विधिमंडळात मंजूर झाला, आणि त्यानंतरच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. १९९३ साली नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत जी गीते रचली आणि गायिली गेली त्यांच्यासमोर समीक्षकाचा हात अडखळतो. अडखळणे स्वाभाविक आहे. पण शोक गीताला प्रसंग देतो, गुणवत्ता देत नाही. हुतात्म्यावरचे दुबळे गीत दुबळेच असते, आणि तसे म्हणण्याने हुतात्म्याचा अवमान होत नाही. उलट दुबळ्या आणि समर्थ गीतांना एकाच आदराच्या कापडात गुंडाळले तर समर्थ गीत रचणाऱ्याचे कष्ट वाया जातात. हे त्या गीतांच्या श्रोत्यांना समीक्षकांपेक्षा चांगले समजते. कोणते गीत पुन्हा म्हणावयास लावावयाचे हे ते दर रात्री ठरवीतच असतात.

प्रतवारीच्या भाषेला आणखी एक धोका आहे आणि तो नांदेड-लातूरकडे उघड दिसतो. १४ एप्रिलप्रमाणेच १ ऑगस्ट हा अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांचा जन्मदिवस येथे मोठ्या प्रमाणावर साजरा होतो. वामनदादा श्रेष्ठ की अण्णाभाऊ, हा प्रश्न मंडपात विचारला जातो तेव्हा तो क्वचितच छक्कड आणि भीमगीत यांच्या रचनेविषयी असतो. दोन उपेक्षित समाजांनी एकाच अपुऱ्या मान्यतेतला आपापला हिस्सा मागणे असे त्याचे स्वरूप होते. मान्यता अपुरी ठेवणारे तिसरेच असतात, आणि ते या वादात कोठेही दिसत नाहीत. अण्णाभाऊंच्या बाबतीत एक गोष्ट मात्र बोलकी आहे. त्यांना साहित्याच्या इतिहासात जी जागा मिळाली ती ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीमुळे आणि कथांमुळे. ‘माझी मैना’सारखी छक्कड त्याच लेखणीतून आली. पण ती दुसऱ्या दालनात, ‘लोकशाहीर’ या पाटीखाली ठेवली गेली. एकाच माणसाची वाटणी करणारी भिंत गुणवत्तेने उभारलेली असू शकत नाही.

या भिंतीला खिंडार पाडण्याची एक पद्धत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉय यांनी १९०३ मध्येच दाखवली होती. ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या ग्रंथात जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी त्यांनी नामवंत, बहुतांशी युरोपीय कवींच्या ओळी दिल्या आणि त्यांच्याखाली निग्रो दुःखगीतांचा एक-एक तुकडा स्वरलिपीत छापला. ‘ही गीतेही तितकीच थोर आहेत’ असे त्यांनी आरंभी म्हटले नाही. शेजारी ठेवले आणि तुलना वाचकावर सोपवली. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने ही परंपरा मराठीत आणली. दलित साहित्याशी तिची तुलना त्यानंतर पुष्कळ झाली. ती प्रामुख्याने कविता, कथा आणि आत्मकथन यांची झाली. ब्लूज आणि भीमगीत समोरासमोर ठेवून ऐकण्याचे काम मागे पडले. कृष्णा किरवले यांच्या ‘आंबेडकरी शाहिरी : एक शोध’सारखे अभ्यास नसते तर शब्दांचीही दखल राहिली नसती.

शेवटी, प्रतवारी ज्यांची लावता येते ते सगळे नोंद झालेले कलावंत असतात. वामनदादांचे संग्रह निघाले आणि शिंदे-उमपांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले. मात्र नांदेड-लातूरच्या खेड्यांत ज्या गायन पार्ट्या चाळीस-पन्नास वर्षे फिरल्या त्यांतील बहुसंख्यांची वही नाही आणि फीतही नाही. हेमा रायरकर आणि गी पॉइटवें यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या तेव्हा लाखाहून अधिक ओव्या गाणाऱ्या बायांच्या नावासह नोंदवल्या गेल्या. मराठवाड्यात माजलगावला त्यांना आंबेडकरांवरच्या ओव्या मिळाल्या. तोपर्यंत त्या ओव्यांना कर्ती नव्हती असे नाही, ती कोणी विचारली नव्हती. गीतांच्या बाबतीत काम याहून अवघड आहे. वामनदादांचेच एखादे गीत संग्रहात एक असते, ध्वनिमुद्रिकेत दुसरे आणि मंचावर तिसरे. कडवी गळतात, नवी शिरतात, कधी मुद्राही बदलते. संपादकाने यातील कोणती संहिता प्रमाण धरावी? छापील धरली तर गायक वगळला जातो. गायिलेली धरली तर ती कोणत्या रात्रीची, हे सांगावे लागते.